घाई नाही, साहेब

माझ्या मामाचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जातो, आणि जिथे तो खरोखर लागत होता तिथे त्याने तो तीन वेळा गिळला. हे मी रागात लिहितेय. राग शांत झाल्यावर लिही, असं मामी म्हणाली. पण त्याची वाट बघत बसले तर मी म्हातारी होईन.

मामा इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या धुलाईखान्यात तेवीस वर्षं आहे. मीही तिथेच, इस्त्रीच्या रोलरच्या मागच्या बाजूला, गरम चादरी धरून घड्या घालते. खाली मशीनचा असा गदारोळ असतो की शेजारच्या बाईकडे पाणी मागायचं तरी भांडल्यासारखं ओरडावं लागतं. नव्या आलेल्या मुलींना पहिले चार दिवस वाटतं, सगळे आपल्यावरच खेकसतायत. पाचव्या दिवशी त्याही खेकसायला लागतात. मामा तिथला मुकादम. सगळे त्याला भोंगा म्हणतात, तेही तोंडावर, आणि त्याला ते आवडतं. घरी जेवताना हा मीठ मागतो तेव्हा भिंतीपलीकडची बाई 'देते हो' म्हणते.

म्हातारे मालक होते तोवर त्यांचं आणि मामाचं रोज वाजायचं. मालक दिवसातून दोनदा खाली उतरायचे, सगळ्यांना अरे-तुरे करायचे, चिडले की आईबापाचा उद्धार करायचे. मामाही मागे हटायचा नाही. "मालक, तो पट्टा तुटायला आलाय. उद्या कुणी मेलं तर तुमच्या दारात येऊन बोंब मारीन," असं तो भर कामात ओरडायचा. मालक त्याला चार शिव्या हासडायचे आणि तासाभरात मेकॅनिक हजर असायचा. त्या शिव्या मला कधी आवडल्या नाहीत. बायकांसमोर तोंड आवरायचं त्या माणसाला जन्मात जमलं नाही. पण पट्टा बदलला जायचा.

मग मालक थकले, धुलाईखाना एका कंपनीने घेतला आणि वरच्या मजल्यावर नवे साहेब आले. त्यांनी खोलीला दुहेरी काचा लावून घेतल्या, जमिनीवर जाड गालिचा घातला. दार लावलं की खालची मशीनं जणू बंदच पडतात. साहेब कधी आवाज चढवत नाहीत. झाडूवाल्यालासुद्धा अहो-जाहो करतात. मामा पहिल्यांदा त्यांना भेटून आला तेव्हा घरी येऊन मामीला सांगत होता, "मला बसा म्हणाले. तेवीस वर्षांत त्या खोलीत मला कुणी बसा म्हणालं नव्हतं."

"मग बसलात का?" मामीने विचारलं.

"छे, उभाच होतो."

तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. आता हसू येत नाही.

आमच्या रोलरच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. चादर सोडताना बोटं आत ओढली गेली तर ती आधी त्या दांड्याला लागतात आणि रोलर जागच्या जागी थांबतो. तो दांडा बिघडला. हाताने जोर देऊन दाबला तरी रोलर फिरतच राहायचा. मामाच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्याने सगळ्या बायकांना गोळा करून ओरडून सांगितलं, "हा दांडा मेलाय. याच्या भरवशावर राहू नका. बोटं आत गेली तर रोलर थांबणार नाही, पंजा भाजून चपटा होऊन बाहेर येईल. समजलं का?" इतकं सरळ, इतकं स्वच्छ. कुणाला शंका राहायचं कारणच नव्हतं.

आणि मग तो वर गेला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी मला रजेचा अर्ज द्यायचा होता म्हणून मीही त्याच्याबरोबर होते, त्यामुळे तिथे काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नाही.

दाराशी मामाने आधी हात शर्टाला पुसले. पाठ जराशी वाकली. आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मऊ, बारीक, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा.

"साहेब, कामात आहात का? मग नंतर येतो."

"नाही, नाही. बोला ना."

"तसं विशेष काही नाही. तो रोलरचा दांडा जरा जड लागतोय, म्हटलं कानावर घालावं. तुमच्या सवडीने कुणाला दाखवलात तर बरं पडेल. घाई नाही."

"बघू या," असं म्हणून साहेबांनी कागदावर काहीतरी टिपलं. मामा त्यांचे आभार मानून बाहेर पडला. कसले आभार, ते त्यालाच ठाऊक.

दांडा मेलेला होता, त्याचा 'जरा जड' झाला. पंजा चपटा व्हायचा होता, त्याचं 'बरं पडेल' झालं. आणि 'घाई नाही' हे तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, ते याने पदरचं घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? अर्ज पुढे केला आणि सही घेतली. माझी रजा मंजूर व्हायची होती म्हणून मी मूग गिळून बसले. मामाचं लिहितेय तर माझंही लिहायला हवं.

नऊ दिवसांनी अक्काचा हात रोलरमध्ये गेला. अक्का रोलरच्या पुढच्या तोंडाशी उभी राहायची, चादर सोडायला, माझ्या बरोबर समोर. ओल्या चादरीचा कोपरा तिच्या बोटांना गुंडाळला गेला. मामा धावत येऊन मुख्य बटण बंद करेपर्यंत उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. मशीनचा आवाज थांबला आणि मगच तिचं ओरडणं आम्हाला ऐकू आलं.

दांडा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. एका दुपारचं काम होतं.

चौथ्या दिवशी भिंतीवर कंपनीचा कागद लागला. दांड्यात गंभीर दोष असल्याचं कुणीही कळवलेलं नव्हतं आणि अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला, असं त्यात होतं. हे असंच राहिलं तर अक्काच्या बोटांचा दोष अक्काचाच ठरणार होता आणि डाव्या हाताने जमेल असं कामही तिला तिथे कुणी देणार नव्हतं. चौकशीला कामगार कार्यालयातून निरीक्षक बाई येणार होत्या. मामाने त्यांच्यापुढे एवढंच म्हणायचं होतं की मी तीनदा सांगितलं, हात जाईल म्हणून सांगितलं. पण दुसरा भाग त्याने वर कधी सांगितलाच नव्हता, आणि हे साहेबांना पक्कं माहीत होतं.

आम्ही घरी त्याची तालीम घेतली. मामी खुर्चीवर साहेब होऊन बसली. मामा तिच्यासमोर असा कडाडला की भांड्यांची मांडणी हलली. मी म्हटलं, झालं, आता काही काळजी नाही. मग मामीने माझा चष्मा नाकावर चढवला, मान तिरपी केली आणि हळूच म्हणाली, "या ना. बोला, काय अडचण आहे तुमची?"

समोर वीस वर्षं संसार केलेली बायको बसलेली, तिच्या पदराला हळद लागलेली, आणि हा ततपप करायला लागला. मामी चष्मा काढून आत निघून गेली. "ते इतकं नीट बोलतात," मामा मला म्हणाला, "तिथे तोंड वर करून कसं बोलायचं? आपण रानटी दिसतो."

"दिसू दे ना रानटी," मी म्हटलं. "अक्काची बोटं गेलीत."

"तू लहान आहेस."

मी अठ्ठावीस वर्षांची आहे.

चौकशी वरच्याच खोलीत झाली. साहेबांनी आपली वही उघडून शांतपणे वाचून दाखवलं. मुकादम येऊन गेले होते हे त्यांना मान्य होतं. दांडा जरा जड लागतोय, सवडीने दाखवावा, घाई नाही, असं ते म्हणाले होते. एकही शब्द खोटा नव्हता. माझा संताप संताप झाला तो त्यामुळेच. निरीक्षक बाईंनी मामाकडे पाहिलं. "असं म्हणालात तुम्ही?"

"हो, म्हणजे तसंच काहीसं," मामा त्या मऊ आवाजात म्हणाला. "साहेबांनाही व्याप असतात." त्या क्षणी माझा हात त्याच्यावर उठला असता.

बाईंनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, मशीन दाखवा. म्हणून सगळे खाली उतरलो. खाली काम चालूच होतं. जिना संपायच्या आत गदारोळाने कान भरले आणि मामाची पाठ सरळ झाली. बाईंनी ओरडून विचारलं, "हाच दांडा का? काय झालं होतं याला?"

"मेला होता," मामा गरजला. "दाबला तरी रोलर थांबत नव्हता. या सगळ्या बायकांना मी पहिल्या दिवशी सांगितलंय, पंजा चपटा होईल म्हणून. विचारा कुणालाही." बायकांनी काम थांबवून माना डोलावल्या. "तीनदा वर गेलो मी. जिन्याला शोभा म्हणून गेलो होतो का तीनदा?"

साहेब काहीतरी म्हणाले. ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. बाईंनी कानाला हात लावला. मग साहेबांना ओरडावंच लागलं, आणि आवाज चिरकला. "घाई नाही म्हणाले होते हे!"

"म्हणालो. तुमच्या त्या खोलीत दुसरं काय म्हणता येतं? पंजा चपटा होईल म्हणालो असतो तर काय केलं असतंत?"

"आधी जरा नीट बोला."

"बघा," मामा बाईंकडे वळून म्हणाला. "हेच केलं असतं."

बाईंनी उभ्या उभ्याच लिहून घेतलं. अहवाल दोन आठवड्यांनी आला. मुकादमाने बिघाड तीन वेळा कळवला होता आणि त्याची चौकशी करणं व्यवस्थापनाचं काम होतं. अक्काचा काही दोष नाही. त्याच दिवशी मामालाही एक पत्र मिळालं, वरिष्ठांशी असभ्य भाषेत बोलल्याबद्दल सक्त ताकीद. 'नम्र सूचना' या शब्दांनी ते सुरू होत होतं. मी फाडायला निघाले होते, मामाने घडी करून खिशात ठेवलं.

संध्याकाळी आम्ही अक्काकडे गेलो. ती ओट्यापाशी डाव्या हाताने बटाटे सोलत होती, एकेक बटाटा उजव्या मनगटाने दाबून धरून. मामाने तिला सगळं सांगितलं, साहेबांचा चिरकलेला आवाजसुद्धा काढून दाखवला. ती हसली नाही. सोलणं थांबवून म्हणाली, "म्हणजे तुला येतं बोलायला."

मामाने ओट्यावरची सालं एका बाजूला सारली.

"आम्हाला ओरडून सांगितलंस, त्याला हळू सांगितलंस. दांडा आम्ही दुरुस्त करणार होतो का रे?"

मामाने हात शर्टाला पुसले. पाठ वाकली. "अक्का, तसं नाही. माझं जरा चुकलंच म्हणायचं. तुला वाईट वाटलं असेल तर..."

मला तो आवाज लगेच ओळखू आला. तिलाही आला असावा, कारण तिने सुरी ओट्यावर आपटली.

"त्या आवाजात माझ्याशी बोलू नको. मी कुणाची साहेब नाही. नीट सांग, तीनदा जाऊन का नाही बोललास?"

मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"भ्यायलो," तो म्हणाला. आणि मग इतक्या मोठ्याने म्हणाला की समोरच्या घराची खिडकी उघडली. "भ्यायलो मी, अक्का. तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा भ्यायलो. मला अहो म्हणतो तो माणूस, ते जाईल म्हणून भ्यायलो. त्यात तुझी बोटं गेली."

समोरच्या खिडकीतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. अक्काने तिकडे बघितलंही नाही.

"हं," ती म्हणाली. "असं त्याच्या खोलीत सांगायचं होतंस."