चूळ

जिभेवर पांढरा थर चढला की मला तो आधी चवीतून कळतो. चहा कोमट पाण्यासारखा लागतो, आणि भाकरीबरोबरची लाल चटणी म्हणजे नुसती आग. आठ महिन्यांत हे तिसऱ्यांदा. या वेळी घोट गिळतानाही टोचत होतं. दम्याच्या पंपामुळे तोंडात बुरशी धरते. पंप ओढला की चूळ भरायची, एवढंच पथ्य. बारा वर्षं पंप घेते आहे, पूर्वी कधी हे झालं नाही. यजमान न्हाणीच्या दाराशी येऊन विचारायचे, "चूळ भरलीस का?" मी चिडायची, "शाळेतली पोरगी आहे का मी?" आठ महिन्यांपूर्वी ते गेले.

आमच्या केलगेरीहून बसनं शहरात, देशपांडे नगरच्या दवाखान्यात गेले. समोरच्या बाकावर माझ्याच वयाचं जोडपं होतं. तिच्या हातात तसाच पंप, त्याच्या हातात पाण्याची बाटली.

"अजून एकदा चूळ भर," तो तिला म्हणाला. "थर दिसतोय."

"साकु, री! पुरे की आता. सकाळपासनं तळं उपसलं की मी." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तुमचं बरं हो अक्का, एकट्या आलात. डोक्याला कटकट नाही."

"हो," मी म्हणाले आणि पुस्तकात मान घातली. एकच ओळ चारदा वाचली. मनात आलं, हिचा नवरा जावाच कुठेतरी, मग कळेल हिला. दोनच दिवस, परगावी, असं मी घाईघाईनं दुरुस्त केलं.

आत डॉक्टरांनी जीभ पाहिली. "चूळ भरता ना?"

मागे दोन्ही वेळा मी हो म्हटलं होतं आणि त्यांनी औषध बदललं होतं.

"नाही."

"विसरता?"

"विसरत नाही. पंप ओढून उभी राहते. कोणी काही म्हणत नाही, मग तशीच बाहेर येते."

त्यांचं पेन थांबलं. "फोनात गजर लावा."

"गजराशी भांडता येत नाही, डॉक्टर."

"भांडू नका. चूळ भरा. घशात उतरलं तर जेवण बंद होईल."

मी मान हलवली. बाहेर चपला घालत असताना ते दोघं आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांनी तिलाही तेच विचारलं, आणि ती तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "भरते हो. मी बाहेरून ऐकतो की."

चपला पायात होत्या. तरी दार लागेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.