आडनाव विचारून झाल्यावर

"ए, हा झाडू घे," तो म्हणाला. "एका बाजूनं तू झाड, दुसऱ्या बाजूनं मशीन झाडेल. मस्त व्हिडिओ होईल."

आमच्या बनारसमध्ये मोबाइल, टीव्ही, घरगुती मशिनांचं प्रदर्शन भरलं होतं. मी तिथं व्हिडिओ करायला गेले होते. गळ्यात पास. हातात माइक. धाकटी बहीण कॅमेऱ्यामागं. माझ्या चॅनेलवर मी नव्या वस्तू हिंदीत आणि मराठीत समजावून सांगते. मला बोलावणं होतं. आगंतुक नव्हते मी.

तो जमीन झाडणाऱ्या रोबोटच्या स्टॉलचा मॅनेजर. थोड्या वेळापूर्वी माझं मराठी ऐकून केवढा हरखला होता!

"अरे वा, आपल्यातल्याच की तुम्ही! आमच्या पाच पिढ्या काशीत गेल्या. दशाश्वमेध घाटावर पूजा सांगतो, पिढीजात यजमानी आहे आमची. बसा ना, चहा मागवतो. आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं.

चहा आला नाही.

"वडील काय करतात तुझे?"

"रेल्वेत होते. डबे साफ करायचे."

त्यानं मान हलवली. मनातलं जुळल्यासारखी. मग गालिच्यावर मूठभर चुरमुरे उधळले आणि काउंटरमागून झाडू काढला. बाकीच्या व्हिडिओवाल्यांच्या हातात त्यानं मशीनचा रिमोट दिला होता. माझ्या हातात हे.

"मीच का?"

तो हसला. "अगं, तुमच्या हाताला सवय असते. नॅचरल दिसेल."

बघणारेही हसले.

शाळेत बाई वर्ग झाडायला मलाच उठवायच्या. "हिच्यासारखं कुणी झाडत नाही," म्हणायच्या. मला ते कौतुक वाटायचं. मी अजून जोरात झाडायचे. ते कौतुक काय होतं, ते त्या गालिच्यावर उभं राहून कळलं.

बहिणीनं कॅमेरा खाली घेतला.

"खाली नको घेऊस. चालू ठेव."

मी झाडू घेतला नाही. माइक त्याच्या तोंडासमोर धरला. "आत्ता बोललात ते परत बोला. आणि आडनाव ऐकल्यावर 'तुम्ही'चं 'तू' का झालं, तेही सांगा."

"कॅमेरा बंद कर."

"नाही करणार."

"बंद करो ये!" त्याचं मराठी संपलं. "पास काढून घेईन तुझा!"

मी पास काढून काउंटरवर टाकला. "घ्या."

संध्याकाळी व्हिडिओ टाकला. एक शब्द न कापता. तासाभरात त्या रोबोटच्या कंपनीतल्या बाईंचा फोन. व्हिडिओ काढून टाका, नाहीतर यापुढं कुठंच बोलावणार नाहीत.

बाबा शेजारीच बसले होते. "काढ गं. आपल्याला याच गावात राहायचंय."

"राहायचंय म्हणूनच नाही काढत, बाबा."

ते उठून बाहेर गेले. शाबासकी दिली नाही. मी मागितलीही नाही.

व्हिडिओ अजून तिथंच आहे. खाली शिव्यांची रांग आहे. माझ्या जातीला, माझ्या आईला. मी त्या पुसत नाही. लिहिणाऱ्यांची तोंडं दिसू देत.

बोलावणी बंद झाली. होऊ देत. पुढचं प्रदर्शन भरलं की मी तिकीट काढून आत शिरणार. खुर्ची नको, चहा नको, तुमचं आपलेपण तर मुळीच नको. हॉलच्या मधोमध उभी राहून प्रश्न मी विचारणार. उत्तर देताना ज्याला घाम फुटायचा, त्याला फुटू दे.