पाडव्याचा परदेशी डबा

आमचा ऊस बेळगावजवळच्या कंग्राळीच्या शिवारात. त्यामुळे आमचे मालक बोलायला बसले की बाहेरच्या साखरेवर येणारच. गेल्या पाडव्याला सकाळी सकाळीच कट्ट्यावर गरजत होते, "परदेशी साखर आत आली की आपला ऊस मेला! जबर आयातकर लावाय पायजे!" मला नवऱ्याचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात निपाणीच्या पहिल्या गाडीने माझा धाकटा भाऊ आला. तो साखरमाळा करतो. फाल्गुनभर पाक करायचा, दोरा घातलेल्या लाकडी साच्यात ओतायचा, हाच त्याचा हंगाम. पाडव्याला एक माळ गुढीला आणि एक भाचीच्या गळ्यात, दोन्ही मामाच्या हातच्या, असा आमचा रिवाज.

त्याने माझ्या लेकीच्या गळ्यात माळ घातली आणि इकडे दिरांनी दुबईहून आणलेला चॉकलेटांचा डबा मालकांनी उघडला. "इमानतळावर भावानं कुणाला पत्ता लागू दिला न्हाय. एक पैसा कर भरला न्हाय!" म्हणून वर टाळी मागितली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! लेकीने चॉकलेट तोंडात टाकलं आणि माळ काढून मामाच्याच हातात ठेवली. "ही नको. चिकट होतंय."

सगळे हसले. भाऊही हसला आणि माळ गुडघ्यावर धरून बसला. मी आपली पोळ्या लाटत राहिले. एरवी माझी जीभ तिखट, पण त्या दिवशी नवऱ्याला काही बोलले नाही, की भावाला "मनावर घेऊ नको रं" म्हटलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

यंदा तो आदल्या संध्याकाळीच बेळगावात उतरला होता, दुकान शोधायला. सकाळी आला आणि पिशवीतून परदेशी चॉकलेटांचा लहानसा डबा काढला.

"आक्का, औंदा मी बी तसलंच आणलंय. लई म्हाग हाय गं. दुकानदार म्हणला, भायेरच्या मालावर कर लई हाय. व्हय का दाजी?"

मालक गुढीची काठी पुसत बसले.

गुढी माळेसाठी थांबवली होती. मी विचारलं, "आणि माळ रं?"

तो ओशाळला. "तुमास्नी लागंल असं वाटलंच न्हाय."

मग चौकातल्या दुकानातून माळ विकत आणली. ती गुढीला बांधताना माझा हात पुरेना, तेव्हा भावानेच ती माझ्या हातातून घेतली आणि नीट बांधून दिली.