पाहुणे आले तेव्हा मी दवाखान्यात होतो

मंडळी, आज सकाळी आईला चक्कर आली. तिला घेऊन घोडेगावच्या दवाखान्यात धावलो आणि तळेघरच्या आमच्या होमस्टेवर पाहुणे येणार आहेत, हे साफ विसरलो.

दुपारी आठवलं तसा घाबरून तिथलं सगळं बघणाऱ्या सुनंदावहिनींना फोन लावला आणि आईचं सांगितलं.

"पावणं कवाच जेवून बसल्यात. सकाळी ग्रुपवर मेसेज आला व्हता ना! खोल्या झाडल्या, नाचणीच्या भाकरी टाकल्या. तुमी आईजवळ बसा, भाऊ."

पाहुणे येण्याच्या दिवशी होमस्टेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप मेसेज जावा, ही सोय मी गेल्याच महिन्यात केली होती. तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या होत्या, "मशीन कशाला? तुमी हाय की!"

आई आता बरी आहे, चहा मागतेय. वहिनी, लई उपकार झाले.

तुमच्या अडचणीत तुमचं काम असं कुणी परस्पर उचललंय का?