दुसरा आकडा

कंपाउंडर पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरले ते मागच्या निवडणुकीच्या निकालानंतर. पालिकेच्या दवाखान्याच्या खिडकीपाशी खोकल्याच्या औषधाची रांग लागली होती आणि ते शंभर गोळ्यांच्या ढिगल्या करत बसले होते. एका बाजूला अडतीस. दुसऱ्या बाजूला बासष्ट, पण तीन ढिगल्यांत.

"हा बिल्डर," अडतीसांवर बोट ठेवून ते म्हणाले, "आणि हे आपण. सांगा, जिंकलं कोण?"

"अहो, आधी माझं औषध द्या, मग राज्य चालवा!" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. सगळे हसले. कंपाउंडर हसले नाहीत.

गिरणीच्या वस्तीत कामगारांचे पक्ष तीन. जुना, त्यातून फुटलेला, आणि फुटलेल्यातूनही फुटलेला. कंपाउंडर तिसऱ्यातले, कारण त्यांची आक्का तिसऱ्यातली. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, गिरणीत तीस वर्षं मागावर उभं राहून. आता तिला साखरेचा आजार होता आणि डाव्या पावलाची जखम भरत नव्हती. एक दिवसाआड ती रस्ता ओलांडून दवाखान्यात यायची, कंपाउंडर पट्टी बदलायचे. यंदा बिल्डर पुन्हा उभा होता आणि दवाखान्याची जागा आपल्याला हवी, हे तो उघड बोलत होता.

महिनाभर कंपाउंडरांनी तिन्ही कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या बाकांवर तिन्ही पक्षांचे मिळून एक्केचाळीस जण बसले. प्रत्येकाच्या हाती एक कागद, त्यावर तीन उमेदवारांची नावं.

"आवडत्यापुढे एक लिहा, त्याच्या खालोखाल जो चालेल त्याच्यापुढे दोन. ज्याला सर्वांत कमी, तो बाद. त्याचे कागद दोन आकड्याप्रमाणे उरलेल्या दोघांत वाटायचे. जो पुढे तो उभा राहील, बाकीचे माघार घेतील. कबूल?"

"कबूल," सगळे म्हणाले. असं एका सुरात ते वीस वर्षांत बोलले नव्हते.

जुन्याला पंधरा मतं पडली, फुटलेल्याला चौदा, तिसऱ्याला बारा. तिसरा बाद. कंपाउंडरांनी ते बारा कागद उलगडले. एकावर दोनचा आकडा होता, त्यांचा स्वतःचा. तो फुटलेल्याला गेला. पंधरा-पंधरा. उरलेल्या अकरा कागदांवर नुसता एक, दोन कुणीच लिहिला नव्हता.

"एकानं लिहा," ते म्हणाले. "कुणीही एकानं. कुणापुढेही."

कुणी छताकडे पाहिलं, कुणी चपला शोधू लागलं. कंपाउंडर पेन घेऊन आक्कापुढे उकिडवे बसले.

"आक्का, तू तरी लिही."

"कुणापुढे? संपात ज्यांनी मालकाशी परस्पर तह केला त्यांच्यापुढे? की आम्हाला फितूर म्हणाले त्यांच्यापुढे?"

"त्याला बावीस वर्षं झाली गं."

"मला माहीत आहेत किती झाली."

"तुझ्या पायासाठी लिही. दवाखाना गेला तर..."

"पाय माझा आहे," आक्का म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अरे, हात उचलत नाही माझा. खरंच उचलत नाही."

त्यांनी तिचा हात धरून पेन बोटांत दिलं. तिनं ते बराच वेळ धरलं. मग बाकावर ठेवून दिलं. तोवर पंधरावाले आणि पंधरावाले एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. "चिठ्ठी टाकू!" असं कंपाउंडर ओरडत होते, पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी तीन वाजेपर्यंत ते निवडणूक कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. अर्ज मागे घ्यायला तिघांतला एकही आला नाही.

बिल्डर निवडून आला. या वेळी सदतीसांवरच भागलं. चौथ्या महिन्यात दवाखान्याला कुलूप लागलं आणि कंपाउंडरांची बदली नदीपलीकडे झाली.

आक्काच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. कंपाउंडर हल्ली एक दिवसाआड तिला चाकाच्या खुर्चीत बसवून पुलावरून नव्या दवाखान्यात नेतात. जायला पन्नास मिनिटं लागतात.