लाखेने बंद केलेलं झाकण

कुणी काही खासगी विचारलं की काका बोटाने टेबलावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "झाकणाच्या आत आपलं काम नाही." वाक्य मुळात यंत्रासाठीचं होतं, पण त्यांनी ते स्वतःलाही लावून घेतलं होतं. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. रोज बोलणं होतं, आणि त्याच्याविषयी आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं.

सत्तरच्या दशकात मी कलकत्त्याजवळच्या बजबजच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात टायपिस्ट होते. ते पॅकिंगचे सुपरवायझर, नात्याचे नव्हेत, पण मराठी म्हणून मी काका म्हणायचे. दोघंही बालीगंजला राहणारे, म्हणून जाता-येता एकच लोकल. मी कलकत्त्यातच वाढलेली, माझं मराठी घरापुरतं. मी "लोकल आला" म्हटलं की ते रुळांकडे बघत म्हणायचे, "आली, पोरी, आली. उशिरा का होईना, आली." तेवढंच ते हसायचे.

एका दिवाळीला आईने त्यांना जेवायला बोलावलं. ते दाराजवळची खुर्ची धरून बसले. "घरी कोण कोण असतं तुमच्या?" आईने विचारलं. खुर्चीच्या हातावर टकटक झाली. ते गेल्यावर आई म्हणाली, "जेवला नाही गं, नुसता ताटाला मान दिला."

त्यांच्या ताब्यात लोखंड शोधणारं यंत्र होतं. पट्ट्यावरून बिस्किटांचे पुडे एका चौकटीतून जायचे. पुड्यात लोखंडाचा कण असला की घंटा वाजे आणि पट्टा थांबे. किती बारीक कणाला घंटा वाजावी हे आतल्या एका स्क्रूवर ठरायचं. यंत्र बसवणाऱ्यांनी तो लावून दिला होता आणि झाकणावर लाखेचं सील ठोकलं होतं. रोज सकाळी काका लाकडी पट्टीवर चिकटवलेला लोखंडी मणी चौकटीतून घालत, घंटा ऐकत आणि पूजा आटोपल्यासारखे हात पुसत.

पुढच्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी काम इतकं वाढलं की पुडे उचलणाऱ्या बायकांचं टेबल चौकटीला अगदी खेटून लावलं. तिथे घोटाळा झाला. त्या लग्न झालेल्या बंगाली बायका, प्रत्येकीच्या हातात नोआ, म्हणजे सवाष्णीचं लोखंडी कडं. हात चौकटीजवळ गेला की घंटा. दिवसातून पन्नासदा पट्टा थांबू लागला. मॅनेजरने हुकूम काढला, नोआ काढून कामावर या, नाहीतर येऊ नका.

बायका तशाच उभ्या राहिल्या. सर्वांत पुढे मालतीदी. ती काकांना म्हणाली, "स्वामी बेंचे थाकते नोआ खुलबो ना, दादा." नवरा जिवंत असताना हे हातातून काढणार नाही. काकांनी टेबलावर टकटक केली नाही, एवढं मला आठवतं. ते तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी घंटा थांबली. नोआ जिथल्या तिथे होते. "काय केलंत, काका?" मी विचारलं.

"यंत्राची थोडी समजूत घातली," ते म्हणाले. मणी घातला की घंटा वाजत होती, त्यामुळे तेही निर्धास्त होते.

पूजेच्या आधीच्या शनिवारी कामगारांना बिस्किटांचे पुडे वाटले. मालतीदीच्या नवऱ्याच्या घशात बिस्किटाबरोबर तार गेली. भट्टीच्या जाळीतून सुटलेला केसाएवढा तुकडा. मणी गोल आणि जाड, त्याला यंत्र अजून ओरडत होतं. बारीक तारेला मात्र ते आता मुकं झालं होतं. ऑपरेशन झालं, माणूस वाचला. पण तो गल्लोगल्ली ओरडून मासे विकणारा होता, आणि त्याचा आवाज पुन्हा कुजबुजीच्या वर आला नाही.

मॅनेजरने रिपोर्ट लिहायला मला बोलावलं. यंत्र आपोआप बिघडलं असं लिहिलं की सगळेच सुटत होते. काका उभं राहून सांगू लागले, "सील मी तोडलं. स्क्रू मी फिरवला."

माझी बोटं थांबली. मॅनेजरला कळू नये म्हणून मी मराठीत म्हणाले, "काका, नोकरी जाईल. दुसरं काहीतरी सांगा ना."

"टाइप कर, पोरी."

परतीच्या लोकलमध्ये ते पहिल्यांदा आपणहून बोलले. त्यांच्या बायकोला ऑपरेशनला नेताना नर्सने मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या काढायला सांगितल्या. ती म्हणाली होती, "एक तरी बांगडी राहू द्या ना." आणि काकाच तिला म्हणाले, "नियम आहे, काढ." ती परत आली नाही. "त्या मालतीला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?" बालीगंज आल्यावर म्हणाले, "टेबल दोन हात मागे घ्यायचं होतं. बस, एवढंच. स्क्रूला हात लावायची गरजच नव्हती."

मला रडू येत होतं. त्यांना घरी चला म्हणायचं होतं, पण मी म्हटलं नाही. त्याची खंत अजून जात नाही.

मालतीदीलाही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. ती नोआचा हात पदराखाली घेऊन उभी राहिली.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्र लावणारा माणूस आला. त्याने स्क्रू जागेवर आणला, नवी लाख ओतली. काकांनी टेबल स्वतः ओढून मागे घेतलं, हात चौकटीपासून लांब राहील एवढं, आणि जमिनीवर खडूने रेघ मारली. पूजेच्या सुटीनंतर मी त्यांच्या खोलीवर गेले तर कुलूप. कुठे गेले हे घरमालकालाही ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

खडूची रेघ झाडूने रोज पुसली जायची. रोज सकाळी पट्टा सुरू व्हायच्या आधी मालतीदी खाली वाकायची आणि नोआच्या हाताने ती पुन्हा ओढायची.