हमद टाउनच्या बाल्कनीत ट्युलिप

मंडळी, आज दुपारी आमच्या हमद टाउनच्या बाल्कनीत चक्क ट्युलिप उमललं! लालभडक!

ट्युलिपच्या कंदांना लावण्याआधी दोन-तीन महिने थंडी लागते. बहारीनमध्ये ती आणायची कुठून? फ्रिजमधून! आमचा फ्रिज लहान, म्हणून वरच्या मजल्यावरच्या जुबेदाखालांनी त्यांच्या फ्रिजचा एक कप्पा मला देऊन टाकला होता.

खाला मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांची लेक कॅनडात, पहिल्यांदाच आई होणार आहे. कधीपासून बोलावतेय, पण खालांचं एकच, "त्या बर्फात माझा निभाव नाय लागायचा."

फूल दिसताच मी त्यांना हाक मारली. त्या ओल्या हातांनीच खाली आल्या. कितीतरी वेळ फुलाकडे बघत राहिल्या. मग लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ गो, माझ्या फ्रिजात थंडी खाऊन कसा फुललाय!"

"अम्मी, आमच्याकडे अजून बर्फच आहे."

"असूदे. येवढासा कांदा थंडी सोसतो, मग मला काय झालंय? काढ माझं तिकीट. यल्ला, चल लवकर!"

लेक हसता हसता रडायलाच लागली. मीही.

आता खालांची बॅग भरायची आहे. थंड देशात राहणाऱ्यांनो, स्वेटरशिवाय आणखी काय काय देऊ, सांगा ना!